सत्तर किलोचा माणूस, आठ तासांचा दिवस

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर सकाळी पाच मिनिटे उभे राहिले, तर नाकाला बरीच माहिती मिळते. रिक्षांचा धूर असतो, उघड्या गटाराचा दर्प असतो, चहाच्या टपरीवरचे आले असते आणि वारा योग्य दिशेचा असेल तर कुठल्याशा गॅरेजातून येणारा थिनरचा गोडसर, डोक्यात जाणारा वासही असतो. या थिनरवरूनच दहावीतल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले होते, ‘‘सर, बाबा गाड्यांना स्प्रे मारतात. रात्री आंघोळ करून जेवायला बसले तरी त्यांच्या श्वासाला तो वास येतो. मग तो दिवसभर अंगात राहतो कुठे?’’

प्रश्न साधा होता. ‘फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात’ हे पाठ्यपुस्तकी उत्तर आम्ही दिले आणि देतानाच ते अपुरे असल्याचे जाणवले. सर्व शरीरात म्हणजे कुठे, किती आणि किती वेळ? या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे एक गणिती शास्त्र आहे. त्यातले सर्वाधिक नावाजलेले काम म्हणजे जॉन रॅम्झी आणि मेल्विन अँडरसन या दोघांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला, स्टायरीन या वायूरूपाने श्वासात जाणाऱ्या रसायनाविषयीचा शोधनिबंध. गेली चाळीस वर्षे या विषयातले लोक त्याच वाटेने चालत आले आहेत. या कामाचे गुण काय आणि धामणकर नाक्यावरून पाहताना त्यात काय खटकते, ते या लेखात मांडायचे आहे.

आधी गाभा समजून घेऊ. शरीराचे हुबेहूब चित्र काढायचे नाही, तर गणिताला पेलेल इतकेच सोपे शरीर कागदावर रचायचे, याला गणिती प्रतिमान म्हणतात. रॅम्झी आणि अँडरसन यांच्या प्रतिमानात शरीराचे चारच कप्पे आहेत. मेंदू, मूत्रपिंड अशा भरपूर रक्त मिळणाऱ्या अवयवांचा एक, स्नायू आणि त्वचा यांचा दुसरा, चरबीचा तिसरा, आणि रसायनाचे विघटन करणाऱ्या यकृताचा चौथा. चारही कप्प्यांना एकाच हृदयातून रक्त जाते आणि एकाच फुप्फुसातून हवा मिळते. प्रत्येक कप्प्यासाठी हिशेब वाण्याच्या वहीसारखा आहे. आत किती आले, बाहेर किती गेले, शिल्लक किती? साठण्याचा वेग म्हणजे त्या कप्प्याचा रक्तप्रवाह गुणिले येणाऱ्या आणि जाणाऱ्या रक्तातील संहतींचा फरक. यकृताच्या बाबतीत विघटनाचा खर्च वेगळा वजा करायचा. एवढेच.

यात एक संख्या नवखी वाटेल. तिला विभाजन गुणांक म्हणतात. तेल आणि पाणी एका बाटलीत घेऊन त्यात एखादा पदार्थ हलवला, तर तो दोघांत सारखा वाटला जात नाही. कुणाकडे तरी त्याचा ओढा जास्त असतो. स्टायरीनचा ओढा चरबीकडे आहे. रक्त आणि चरबी समतोलात आली, की एक लिटर चरबीत एक लिटर रक्ताच्या सुमारे ५० पट स्टायरीन असते. ही संख्या माणसाला काही न करता, ऊतीचा तुकडा बंद कुपीत ठेवून वरच्या हवेतील प्रमाण मोजून काढता येते.

वर्गात हे शिकवायला आम्हाला पाण्याच्या टाक्यांची उपमा सोयीची वाटते. सर्व टाक्या एकाच नळयोजनेवर आहेत असे समजा. टाकीचा आकार म्हणजे ऊतीचे घनफळ गुणिले विभाजन गुणांक, आणि नळाची धार म्हणजे त्या ऊतीचा रक्तप्रवाह. या शास्त्रातल्या ‘प्रमाण माणसा’त सुमारे १४ लिटर चरबी असते आणि तिच्याकडे मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त जाते. म्हणजे स्टायरीनच्या दृष्टीने चरबी ही १४ × ५० = ७०० लिटरची टाकी झाली आणि तिला धार मिनिटाला पाव लिटरची! ७०० भागिले ०.२५ म्हणजे २८०० मिनिटे, सुमारे ४७ तास. याला त्या कप्प्याचा कालांक म्हणू. एवढ्या वेळात टाकी जवळजवळ दोन-तृतीयांश भरते आणि रिकामी होतानाही तेवढीच सावकाश होते. मेंदूची टाकी लहान आणि धार मोठी, म्हणून ती मिनिटांत भरते. थिनरने डोके लगेच गरगरते, पण वास रात्रीपर्यंत श्वासात राहतो, या दोन गोष्टींचे कारण असे एकाच हिशेबात सापडते. थिनरमध्ये स्टायरीन नव्हे, टोल्युईनसारखी द्रावके असतात; पण तीही चरबीची ओढ असणाऱ्या त्याच कुळातली आहेत. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: बाबांच्या चरबीत, आणि रात्रभर थोडे थोडे बाहेर.

ही कल्पना १९८४ ची नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९०८ साली पाणबुड्यांच्या रक्तात वर येताना नायट्रोजनचे बुडबुडे का होतात हे शोधताना शरीराचे वेगवेगळ्या वेगाने भरणारे कप्पे कल्पिले होते आणि बोकडांवर त्याची परीक्षा घेतली होती. १९२४ मध्ये हॅगार्ड यांनी भूल देण्याच्या ईथरसाठी, १९३७ मध्ये स्वीडनच्या टेओरेल यांनी औषधांसाठी असा हिशेब मांडला. टेओरेल यांची समीकरणे हाताने सोडवणे दुरापास्त होते, म्हणून ती संगणक येईपर्यंत बरीचशी पडून राहिली.

मग रॅम्झी आणि अँडरसन यांचे श्रेय काय? आमच्या मते, त्यांनी उत्तर आधी पाहून गणित जुळवले नाही. उंदरांना दशलक्ष भागांत ८० पासून १२०० भागांपर्यंत स्टायरीन असलेल्या हवेत सहा तास ठेवून त्यांच्या रक्ताची मोजमापे घेतलेली होती. त्यावर प्रतिमान बसवल्यानंतर त्यांनी उंदराचे अवयव काढून तिथे माणसाचे अवयव, माणसाचा श्वास आणि माणसाचा रक्तप्रवाह घातला, विघटनाचा वेग शरीराच्या आकारानुसार मोठा केला आणि स्वयंसेवकांच्या रक्तात व उच्छ्वासात किती स्टायरीन सापडायला हवे ते काढले. मोजमापांशी ते चांगले जुळले. दुसरी गोष्ट तितकीच मोलाची आहे. हवेतले प्रमाण दुप्पट केले की रक्तातले दुप्पट होते, असे आपण सहज धरून चालतो. उंदरांत दोनशे भागांच्या वर तसे होत नव्हते. रक्तातले प्रमाण त्याहून कितीतरी जास्त चढत होते. कारण यकृतातील विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, क्षमता तिथे संपते. एकाच तिकीट खिडकीवर ठरावीक वेगानेच तिकिटे निघतात, रांग मात्र हवी तेवढी वाढू शकते. तसाच हा प्रकार. त्रैराशिकावर वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ‘प्रमाण’ कुठे संपते हे दाखवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

येथवर सर्व ठीक. आता तक्रारीकडे येऊ.

आमचा पहिला संशय प्रमाण माणसावर होता. या प्रतिमानांतून वावरणारा ७० किलोचा गृहस्थ आहे तरी कोण? किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७५ साली ‘संदर्भ माणूस’ ठरवला. त्याचे वय वीस ते तीस, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर. राहणीमान पश्चिम युरोप किंवा उत्तर अमेरिकेतले, आणि तो राहतो ते हवामान सरासरी १० ते २० अंश सेल्सियसचे! मे महिन्यात भिवंडीच्या पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या कामगाराने हे वर्णन वाचले, तर त्याला हसू येईल. २००२ साली आयोगाने हे आकडे सुधारले. तेव्हा पुरुष ७३ किलोंचा झाला आणि ६० किलोंची एक स्त्रीही आली. आपल्याकडेही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ‘संदर्भ भारतीय पुरुषा’ची मापे गोळा करून मांडली, आणि ती सत्तर किलोच्या बरीच खाली होती. पण हे काम किरणोत्सर्गाच्या संदर्भात झाले. विज्ञानाच्या शिक्षकांपर्यंत ते फारसे पोचले नाही.

तेव्हा, माणूस चुकीचा म्हणून गणित चुकीचे, असे लिहून लेख संपवण्याच्या बेतात आम्ही होतो. पण आकडे घालून पाहिल्यावर थोडी फजिती झाली. समजा आपल्या कामगाराचे वजन ५० किलो आणि त्याच्या अंगात १४ ऐवजी ७ लिटरच चरबी आहे. मग टाकी निम्मी झाली. पण चरबी निम्मी तर तिच्याकडे जाणारे रक्तही साधारण निम्मे! भागाकार तोच राहिला. कालांक पुन्हा ४७ तासच. साठा कमी झाला, पण रेंगाळण्याचा काळ बदलला नाही. श्वास वजनाच्या थेट प्रमाणात कमी होत नसल्यामुळे ५० किलोच्या माणसाच्या वाट्याला किलोमागे थोडे जास्त रसायन येते, परंतु हा फरक दहा टक्क्यांच्या आसपासचा आहे. दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे, पण लेखणी उगारण्याजोगाही नव्हे. (स्त्रियांच्या बाबतीत मात्र फरक मोठा पडतो, संदर्भ स्त्रीच्या वजनात चरबीचा वाटा सुमारे ३० टक्के धरतात, पुरुषात २० टक्के.)

खरी खोट माणसात नाही, त्याच्या दिवसात आहे.

हवेत किती रसायन चालेल याच्या मर्यादा जगभर आठ तासांच्या कामाच्या दिवसावर बेतलेल्या आहेत. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने जी कोष्टके आली, त्यांतली सरासरीही आठ तासांचीच होती. यामागचे गृहीत असे की, आठ तास काम आणि सोळा तास शुद्ध हवा. भिवंडीच्या यंत्रमागांवर, गोदामांत आणि गॅरेजांत बारा तासांची पाळी ही काही अपवादाची गोष्ट नाही. मग टाकीचे काय होते? सोयीसाठी कालांक ४८ तास धरू, रोजचा दिवस सारखा मानू आणि हवेतले प्रमाण दोन्हीकडे एकच ठेवू. अशा कित्येक दिवसांनंतर आठ तासवाल्याची चरबीची टाकी काम संपताना ३९ टक्के भरलेली असते आणि दुसऱ्या दिवशी कामावर येताना २८ टक्क्यांवर उतरलेली असते. बारा तासवाल्याची काम संपताना ५६ टक्के, आणि परत येताना ४४ टक्के. म्हणजे हा माणूस सकाळी ‘ताजातवाना’ होऊन येतो, तेव्हाही त्याच्या अंगात दुसऱ्याच्या दिवसभराच्या कामानंतर असते त्याहून जास्त रसायन असते! आठवड्याची सुटी धरली तर आकडे थोडे उतरतात, पण क्रम बदलत नाही.

यात अजून एक गृहीत उरले आहे, ते म्हणजे उरलेले बारा तास शुद्ध हवा. बाहेरगावाहून आलेले कित्येक कामगार कामाच्या जागेला लागूनच राहतात, शेजारच्या भिशीत जेवतात आणि पाळीपाळीने एकाच खोलीत झोपतात. झोपण्याच्या जागी कामाच्या जागेच्या निम्मे जरी रसायन हवेत असले, तर त्याच गणिताने टाकी सकाळी ७२ टक्के आणि संध्याकाळी ७८ टक्के भरलेली राहते. भरती-ओहोटी जवळजवळ थांबतेच. आणि तो गोदामातला हमाल असेल तर? ओझे उचलताना फुप्फुसातून खेळणारी हवा मिनिटाला पाच लिटरवरून वीस लिटरवर सहज जाते. स्टायरीन रक्तात फार विरघळते, म्हणून आत ओढले जाणारे रसायनही जवळजवळ चौपट होते.

लांब पाळ्यांचा प्रश्न कुणी पाहिलाच नव्हता, असे नाही. ब्रीफ आणि स्कॅला यांनी १९७५ साली त्यासाठी एक साधे सूत्र सुचवले होते. त्यात कामाचे वाढलेले तास आणि विश्रांतीचे घटलेले तास दोन्ही धरले जातात: ८ भागिले १२, गुणिले १२ भागिले १६. उत्तर येते एक-द्वितीयांश. म्हणजे बारा तासांच्या पाळीसाठी हवेतली मर्यादा निम्मी करायला हवी. दहावीचा विद्यार्थी हा अपूर्णांक तोंडी सोडवील. त्याला कुणी तो दिला पाहिजे, इतकेच.

आमची दुसरी तक्रार प्रतिमानाविषयी नाही, त्याच्या वापराविषयी आहे. एकदा हातात हातोडा आला की सर्व काही खिळ्यासारखे दिसू लागते, असे म्हणतात. तसे या प्रतिमानाचेही झाले आहे. हे गणित विरघळणाऱ्या, शांत स्वभावाच्या वाफांसाठी आहे. धामणकर नाक्यावर आणि आसपास श्वासात जाणारे मुख्य पदार्थ पाहा. मागांच्या शेडमध्ये उडणारा कापसाचा तंतू विरघळत नाही, तो श्वासनलिकेत बसतो. त्याचे गणित कणांच्या आकाराचे आहे, रक्तप्रवाहाचे नाही. रिक्षा-ट्रकच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड चरबीकडे ढुंकूनही पाहत नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्यासाठी कोबर्न, फॉर्स्टर आणि केन यांचे १९६५ चे वेगळे समीकरण आहे. क्लोरीन तर जिथे ओलावा भेटेल तिथेच जाळत जातो. या तिन्हींसाठी चरबीची टाकी निरुपयोगी आहे.

आणि हे केवळ पुस्तकी वर्गीकरण नव्हे. ज्या १९८४ साली हा निबंध आला, त्याच वर्षी २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट हवेत सुटले. त्यानंतर डॉक्टरांत जो वाद पेटला, तो नेमका आपल्याच विषयावर होता: आत गेलेले विष शरीरात कुठवर पोचते? एक मत असे, की हा वायू इतका क्रियाशील आहे की तो डोळे आणि फुप्फुसे जाळून तिथेच संपतो. उपचार फुप्फुसांचे करा. दुसरे मत असे, की विष रक्तातून सर्वांगात गेले आहे. भोपाळच्या गांधी मेडिकल कॉलेजातील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनांत रक्त चेरीसारखे लालभडक दिसले होते, आणि त्यावरून सायनाइडसारख्या विषबाधेवर दिले जाणारे सोडियम थायोसल्फेट रुग्णांना द्यावे असा आग्रह धरला गेला. पहिले मत खरे तर इंजेक्शन व्यर्थ, दुसरे खरे तर ते न देणे हा अन्याय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ च्या सुरुवातीला चाचणी घेतली आणि थायोसल्फेट देण्याची शिफारस केली, पण ते रुग्णांपर्यंत नीट पोचले नाही. मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाने मार्च १९८५ मध्ये वस्त्यांत जाऊन पाहणी केली, ती या दोन मतांची पारख करण्यासाठीही होती. त्या वेळी कुणाकडेही या रसायनाच्या शरीरातल्या प्रवासाची मोजमापे नव्हती. १९८८ साली किरणोत्सारी कार्बन जोडलेले आयसोसायनेट गिनीपिगना हुंगवण्यात आले, तेव्हा तो कार्बन काही मिनिटांत रक्तात आणि नंतर शरीरभर सापडला. ‘तिथेच संपते’ हे म्हणणे त्यामुळे तरी टिकत नाही. मात्र हे चार वर्षांनी कळले, आणि रुग्ण चार वर्षे थांबू शकत नव्हते. गणित तयार होते; त्यात घालायचे आकडे तयार नव्हते. कारखान्यात एखादे रसायन टनांनी साठवायचे आणि त्याचा विभाजन गुणांक, विघटनाचा वेग वा रक्ताशी होणारी क्रिया मात्र कुणी मोजलेली नसायची, अशी ती स्थिती होती. भिवंडीभोवतीच्या गोदामांत रसायनांचेही साठे असतात आणि तिथे आगी लागतात, हे लक्षात घेतले तर ही केवळ भोपाळची गोष्ट राहत नाही.

ओघात एक गोष्ट नमूद करायला हवी. रॅम्झी हे डाऊ केमिकल या स्टायरीन बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, अँडरसन अमेरिकी हवाई दलाच्या. यावरून त्यांचे गणित खोटे ठरत नाही. उलट त्यातली प्रत्येक संख्या उघड छापलेली असल्यामुळे ते कुणालाही तपासता येते, आणि आम्हीही वर तेच केले. पण कोणते प्रश्न आधी सोडवले जातात, ते पैसा कोण पुरवतो यावर पुष्कळदा ठरते. उंदरापासून माणसापर्यंतचा पूल बांधायला उद्योगाला निकड होती. आठ तासांपासून बारा तासांपर्यंतचा पूल बांधण्याची निकड कुणाला आहे?

शाळेत यातले काय करता येईल? विकलक समीकरणांची गरज नाही. वहीत दोन रकाने आखा, एक तासाचा आणि एक टाकीच्या पातळीचा. कामाच्या प्रत्येक तासाला टाकीत जेवढी जागा रिकामी आहे तिचा ४८ वा भाग भरायचा, विश्रांतीच्या प्रत्येक तासाला जेवढे भरले आहे त्याचा ४८ वा भाग काढायचा. साधा कॅल्क्युलेटर असला की चार गट मिळून आठवड्याभराचे तास एका तासिकेत होतात. कामाचे तास मात्र पुस्तकातून घेऊ नयेत, मुलांनी घरी विचारून आणावेत. आमच्याकडे आलेल्या आकड्यांत आठ तास फक्त दोघांच्या घरी होते. ज्याने वासाचा प्रश्न विचारला होता, त्याच्या वहीत बाबांची टाकी शनिवारी रात्री ५४ टक्क्यांवर पोचली. त्याने खाली पेन्सिलीने लिहिले होते, ‘रविवारी गॅरेज बंद, पण अर्धा दिवस घरी बोलावतात.’ मग त्याने तो रकाना खोडून पुन्हा मांडला.